विभागप्रमुख नक्की कोणासाठी असतो? कॉलेज आणि हॉस्पिटल, दोन्हीकडचे अनुभव सांगा

शून्य_माध्य

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका अनुदानित सीनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आमच्या हेड मॅडम या वर्षी रिटायर होतायत आणि सीनियॉरिटी लिस्टमध्ये त्यांच्यानंतर माझं नाव आहे. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, चार्ज घेताय ना, मी म्हटलं विचार करून सांगते.

घरी यावरून जोरदार चर्चा चालू आहे. नवरा भूलतज्ज्ञ, एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. त्याचं म्हणणं, तुमच्याकडचा एचओडी म्हणजे टाइमटेबल लावणारा आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली भरणारा माणूस, ना भत्ता ना अधिकार, कशाला डोक्याला ताप करून घेतेस. खरा एचओडी आमच्याकडे, कुठल्या ओटीला (ऑपरेशन थिएटरला) कोण, नाइटला कोण, रजा कोणाची मंजूर, सगळं त्याच्या सहीवर.

मला हे पटत नाही. दोन्हीकडे हेडचं मूळ काम एकच आहे, विभागातलं काम सगळ्यांमध्ये न्यायाने वाटायचं आणि वरून काही अवाजवी आलं तर आपल्या माणसांच्या बाजूने उभं राहून नाही म्हणायचं. टाइमटेबल, रजिस्टरं, मीटिंगा हे सगळं त्याच्या मागून येतं. आणि म्हणूनच ही खुर्ची तीन वर्षांनी फिरली पाहिजे असंही माझं मत आहे, एकच माणूस पंधरा-वीस वर्षं बसला की वाटप हळूहळू त्याच्या मर्जीवर जातं.

शिकवणारे, शिकणारे, डॉक्टर, सिस्टर, ऑफिसवाले, पेशंटचे नातेवाईक, सगळ्यांनी लिहा.

पंचवटी_एक्सप्रेस

आधी पेढे, मग चर्चा. अभिनंदन ताई!

निवृत्त_सर्जन

चांगला विषय काढलात. मी सर्जरी विभागाचा प्रमुख होतो, बरीच वर्षं, त्यामुळे रोटेशनच्या मुद्द्यावर मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे हे आधीच सांगतो.

बाहेरच्या लोकांची एक गल्लत होते ती आधी दूर करू. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात सर्जरी, मेडिसिनसारखा विभाग युनिटांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, ओटीचा वार ठरलेला, इमर्जन्सीचा वार ठरलेला. पेशंट ज्या युनिटच्या दिवशी भरती झाला त्या युनिटचा, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी युनिट प्रमुखाची. एचओडी स्वतःही एक युनिट चालवतो. दुसऱ्या युनिटच्या पेशंटला काय द्यायचं हे त्याने मध्येच जाऊन ठरवू नये, सल्ला मागितला तर द्यावा. मग एचओडीचं वेगळं काम काय उरतं? ओटीची टेबलं युनिटांत वाटणं, रेसिडेंट म्हणजे पीजी करणारे निवासी डॉक्टर वाटणं, यंत्रसामग्रीची मागणी लावून धरणं, शिकवणं नियमित होतंय ना बघणं, परीक्षा, इन्स्पेक्शन, आणि दर महिन्याची मॉर्टॅलिटी मीटिंग. ही शेवटची मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेशंट गेला तर का गेला हे सगळ्या युनिटांसमोर मोकळेपणाने बोललं जातं की नाही हे पूर्णपणे एचओडीवर असतं. तिथे तो ओरडायला लागला तर पुढच्या महिन्यापासून केस पेपरच नीट सादर होत नाहीत.

आता रोटेशन. लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, विभागात सुरू करायची म्हणजे नुसतं मशिन आणून भागत नाही. मागणीपत्र, टेंडर, मंजुरी, मग ओटी सिस्टर आणि टेक्निशियन तयार करायचे, ते तयार झाले की त्यांची बदली होते, परत नवे तयार करायचे, रेसिडेंटच्या हातात पहिल्यांदा कॅमेरा द्यायचा तर सीनियरने शेजारी उभं राहायचं. यात तीन वर्षं कधी संपतात कळत नाही. दर तीन वर्षांनी हेड बदलला तर प्रत्येक जण आपल्या काळात उद्घाटन होईल एवढंच काम हातात घेईल.

जेआर_थ्री_सुटले

सर, आदर ठेवून लिहिते, पण तुम्ही विभागाकडे वरून बघताय, मी खालून बघितलाय.

पीजी करताना माझ्या वाट्याला दोन एचओडी आले. कुठलं कॉलेज ते विचारू नका. पहिल्या सरांच्या काळात ड्युटी रोस्टर नावाचा कागदच नव्हता, सीनियर रेसिडेंट तोंडी सांगायचे, आणि जेआर वनला (पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला) घरी कधी जायचं हे कोणालाच माहीत नसायचं. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी स्कीममध्ये सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. २०२३ च्या पीजीच्या नियमांत एनएमसीनेही (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) कामाचे तास वाजवी हवेत, आठवड्याला एक सुट्टी हवी आणि वर्षाला २० किरकोळ रजा असं घातलंय. हे मला पीजी संपताना कळलं, कारण विभागात कोणी ते मोठ्याने वाचूनच दाखवलं नव्हतं.

नंतर मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात महिन्याचं रोस्टर छापून सेमिनार रूमच्या दारावर लावलं, खाली स्वतःची सही. बस. माणसं तेवढीच, पेशंट तेवढेच, पण नाइटनंतर कोण सुटणार हे भिंतीवर लिहिलेलं असल्यामुळे कोणाला कोणाची मनधरणी करावी लागेना. माझी थिसिस त्यांच्याकडे नव्हती तरी सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) वेळेस त्यांनी बसवून माझा सॅम्पल साइज तपासला. त्या वर्षी आमच्यातलं कोणीही सीट सोडायची भाषा केली नाही, आदल्या वर्षी दोघांनी केली होती.

तर माझं उत्तर: हेड सगळ्यात जास्त लागतो तो विभागातल्या सगळ्यात धाकट्या माणसाला. प्रोफेसर स्वतःचं बघून घेतात.

आडगावकर

+१. जेआर वनला एचओडीचा मूड नर्सिंग स्टेशनवरूनच कळतो.

तासिका_तत्त्वावर

हॉस्पिटलवाल्यांनी धागा पळवायच्या आत कॉलेजचं लिहितो.

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, दिवाळीची सुट्टी म्हणजे बिनपगारी. माझ्यासाठी विभागप्रमुख म्हणजे माझा वर्षाचा पगार ठरवणारा माणूस. कसं ते सांगतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास आणि असोसिएट व प्रोफेसरला १४ तास प्रत्यक्ष शिकवणं. विभागाचा एकूण वर्कलोड काढायचा, कायम शिक्षकांचे तास वजा करायचे, उरलेले आमच्यासारख्यांना. हा वर्कलोड काढणारा हेड. प्रॅक्टिकलच्या बॅचेस त्याने नीट दाखवल्या तर एक माणूस जास्त बसतो, घाईत आणि जुन्या कागदावरून काढला तर एक माणूस घरी बसतो. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत एनईपी (नवं शैक्षणिक धोरण) आल्यावर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असं सगळं फिरलं आणि ज्या विभागप्रमुखांनी मे महिन्यात बसून क्रेडिटचा हिशोब केला त्यांचे विषय टिकले. आमच्या शेजारच्या विभागात ते झालं नाही आणि ओपन इलेक्टिव्हची सगळी मुलं दुसरीकडे गेली.

ताई, म्हणून तुमच्या मिस्टरांना सांगा, टाइमटेबल लावणं हे लहान काम नाही. त्या कागदावर कोणाची तरी चूल पेटते.

शून्य_माध्य

@तासिका_तत्त्वावर, हे वाचून दाखवलं त्याला. गप्प बसला.

@जेआर_थ्री_सुटले, तुमच्या मॅडमचं दारावर लावलेलं रोस्टर मी नक्की उचलणार. आमच्याकडे सुपरव्हिजनच्या ड्युट्या आणि पेपर तपासणी यावरूनच रुसवेफुगवे होतात.

मी_सिस्टर

मी परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. आमच्या ड्युट्या मेट्रन लावतात, डॉक्टर नाही, त्यामुळे एचओडी आमचा साहेब नसतो. पण वॉर्ड कसा चालणार हे मात्र त्यांच्यावर असतं. निवृत्त सर्जन सरांनी आमचं नाव फक्त लॅप्रोस्कोपीच्या ओघात घेतलं म्हणून लिहावंसं वाटलं.

चांगला एचओडी मी कशावरून ओळखते सांगू? ग्रँड राऊंडला तो सिस्टरला पुढे बोलावतो का. पेशंट रात्री किती वेळा उठला, ड्रेसिंग किती ओलं झालं, नातेवाईक काय विचारतात, हे आम्हाला माहीत असतं आणि फाइलमध्ये सगळं येत नाही. एक सर होते, ते राऊंड सुरू करायच्या आधी विचारायचे, सिस्टर, आज तुम्हाला कोणाची काळजी वाटते? आणि तिथून सुरुवात. नवे रेसिडेंट हे बघून आपोआप आमच्याशी नीट बोलायला शिकले. उलट ज्या विभागात हेड सगळ्यांसमोर सिस्टरवर खेकसतो तिथला जेआर वनसुद्धा महिनाभरात खेकसायला लागतो. हे वरून झिरपतं, अगदी नक्की.

निवृत्त_सर्जन

@मी_सिस्टर, बरोबर बोललात. माझ्या विभागातल्या ओटी इन्चार्ज सिस्टर माझ्यापेक्षा आधीपासून तिथे होत्या आणि कुठलं उपकरण कधी निकामी होणार हे त्यांना आवाजावरून कळायचं. त्यांच्याशिवाय ऑपरेशनची एकही यादी वेळेत सुरू झाली नसती.

त्र्यंबकनाका

एक शंका. सिव्हिलला विभागप्रमुख असतात का? माझ्या वडिलांना दाखवलं होतं तेव्हा सगळे सिव्हिल सर्जन साहेबांकडेच बोट दाखवत होते.

फाइल_नंबर_७

सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, ते सार्वजनिक आरोग्य विभागाचं. तिथे वर जिल्हा शल्यचिकित्सक, मग अतिरिक्त जिल्हा शल्यचिकित्सक, निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणजे आरएमओ, आणि प्रत्येक विषयाचे तज्ज्ञ. प्राध्यापक असलेला एचओडी ही मेडिकल कॉलेजची रचना, ती वैद्यकीय शिक्षण विभागाच्या किंवा खासगी संस्थेच्या हॉस्पिटलात. तिथे डीन, मेडिकल सुपरिंटेंडंट आणि मग विभागप्रमुख. पीजीच्या जागा किती मिळणार हे विभागात प्रोफेसर आणि असोसिएट किती आहेत यावर ठरत असल्याने तिथे हेडचं वजन आपोआप वाढतं. शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आणखी वेगळं, ते हृदय, किडनी, कॅन्सर अशा मोठ्या आजारांसाठीचं सरकारी. जिल्हा रुग्णालयाला पीजी अभ्यासक्रम जोडले गेले की दोन्ही रचना एकाच आवारात येतात आणि मग कोणाची सही कोणाच्या वर यावर ऑफिसात बराच वेळ जातो.

त्र्यंबकनाका

धन्यवाद साहेब. आत्ता कळलं. शालिमारला गाडी लावायला जागा मिळाली तर पुढचं सगळं सोपं आहे.

पंचवटी_एक्सप्रेस

शालिमारला पार्किंगसाठी वेगळा विभागप्रमुख नेमा, रोटेशनही नको, कायमस्वरूपी.

द्वारका_सर्कल

त्याला द्वारकेचाही अतिरिक्त पदभार द्या.

गोवर्धन_गाव

विषयांतरात आणखी एक. आमच्या मुक्त विद्यापीठात (यशवंतराव चव्हाण, १९८९ चं) विभागांऐवजी विद्याशाखा आणि त्यांचे संचालक अशी रचना. समोर वर्ग नसतो, विद्यार्थी राज्यभर पसरलेला, त्यामुळे प्रमुखाचं बरंचसं काम पुस्तकं लिहून घेणं, अभ्यासकेंद्रं, परीक्षा याभोवती. तरीही शून्य_माध्य म्हणतात तेच खरं, येवल्याच्या किंवा सुरगाण्याच्या केंद्रावर पुस्तक वेळेत पोचलं नाही तर त्या मुलाच्या वतीने भांडणारा माणूस वर कोणीतरी लागतो.

झोपेचा_डॉक्टर

मी शून्य_माध्यचा नवरा. माझ्याबद्दल इतकं छापून आल्यावर खातं उघडणं भाग होतं.

तासिका_तत्त्वावर यांचं वर्कलोडचं मला खरंच माहीत नव्हतं आणि ते पटलं. पण हॉस्पिटलमध्ये हेड वेगळा का, हे मला नीट मांडू द्या. आमच्याकडे चुकीच्या वाटपाचा परिणाम त्याच दिवशी टेबलावर दिसतो. सलग जागलेला माणूस सकाळी परत भूल द्यायला उभा केला तर धोका पेशंटला. भूलशास्त्राच्या हेडला रोज सकाळी हे ठरवावं लागतं की आज किती टेबलं सुरक्षितपणे चालू शकतात, आणि सर्जरी, ऑर्थो, गायनॅक तिघांचे हेड फोनवर असताना म्हणावं लागतं की आज चारच चालतील, पाचवं नाही. तो नकार देणारा माणूस सीनियर नसेल तर समोरचे ऐकत नाहीत. म्हणून मला सीनियॉरिटी महत्त्वाची वाटते.

दुसरी गोष्ट, नाशिककरांना वेगळी सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली आणि दाब पडून २२ रुग्ण गेले. त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक हॉस्पिटलातला भूलतज्ज्ञ आपापल्या पाइपलाइनजवळ जाऊन उभा राहिला असेल. तोपर्यंत अनेक ठिकाणी गॅसची टाकी, मॅनिफोल्ड (सिलिंडर पाइपलाइनला जोडायची यंत्रणा), अलार्म हे मेंटेनन्सवाल्यांचं काम समजलं जायचं. माझं ठाम मत आहे की भूलशास्त्राच्या विभागप्रमुखाने यात लक्ष घालणं हे त्याचं कामच आहे. राखीव सिलिंडर भरलेत का, अलार्म वाजतो का, टाकी भरायला टँकर आला तर वॉर्डला आधी कळवलं जातं का, याची नोंदवही त्याच्या टेबलावर रोज आली पाहिजे. आमच्या सध्याच्या हेड ते करतात. बढतीच्या अर्जात याला कुठे रकाना नाही, पण मला विचाराल तर एचओडीचं यापेक्षा मोठं काम नाही.

शून्य_माध्य

तू हे घरी कधी बोलला नाहीस. चहा ठेवलाय, ये.

पंचवटी_एक्सप्रेस

नाशिकमधला पहिला धागा ज्यात नवराबायको एका घरात बसून टाइप करतायत.

सिनेट_मतदार

आता रोटेशनवर येतो कारण तो मुद्दा मागे पडला.

दिल्ली विद्यापीठात विभागाचा प्रमुख तीन वर्षांसाठी असतो, जेएनयूत सेंटरचा चेअरपर्सन दोन वर्षांसाठी. त्यामुळे तिथे विभाग कोसळले असं काही झालं नाही. उलट दिल्लीचं एम्स (१९५६) आणि चंदीगडचं पीजीआय (१९६२) इथे सीनियॉरिटीने हेड झालेला माणूस वर्षानुवर्षं राहतो ही पद्धत, आणि तिथल्या प्राध्यापकांच्या संघटना किती काळ रोटेशन मागतायत, केंद्राने समित्या नेमल्या. त्यांची तक्रार अशी की एकाच बॅचचे चार उत्तम प्रोफेसर असतात, त्यातला एक महिनाभर आधी रुजू झाला म्हणून आयुष्यभर हेड आणि बाकीचे तिघे आयुष्यभर त्याच्या हाताखाली. निवृत्त सर्जन साहेब, या तिघांना काय सांगायचं?

संलग्न कॉलेजात हेड नेमणं प्राचार्यांच्या हातात. पण ताई, त्या पदाला एक अधिकार आहे जो बहुतेकांना माहीत नसतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार विद्यापीठाच्या प्रत्येक अभ्यासमंडळावर तीन सदस्य संलग्न कॉलेजांच्या विभागप्रमुखांमधून निवडून जातात, आणि मत देणारेही विभागप्रमुखच. म्हणजे संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात काय असावं हे ठरवणाऱ्या टेबलावर कोण बसेल, यात तुमचं मत आहे. आपल्याकडचे किती विभागप्रमुख मतदार यादीत आपलं नाव तपासतात? नाशिक, नगर, पुणे मिळून एवढं मोठं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, आणि मग आपणच म्हणतो अभ्यासक्रम पुण्यात ठरतो.

निवृत्त_सर्जन

@सिनेट_मतदार, त्या तिघांचा प्रश्न खरा आहे. त्यांची कदर युनिट प्रमुख म्हणून झाली पाहिजे, पूर्ण युनिट, स्वतःची ओटी, स्वतःचे रेसिडेंट, आणि विभागाच्या बैठकीत समान मत. माझ्या विभागात मी तसं ठेवलं होतं. पण विद्यापीठातला विभाग आणि रात्री दोनला अपघाताचे पेशंट घेणारा विभाग यांना एकच नियम लावू नका एवढंच म्हणतो. पाच वर्षं करा, एकदा वाढवता येईल असं ठेवा, वाढवताना विभागातल्या सगळ्यांना विचारा. तीन कमी आहेत.

जेआर_थ्री_सुटले

पाच वर्षांत पीजीच्या पाच बॅचेस विभागात येतात सर. हेड वाईट निघाला तर पहिल्या तीन बॅचेसची अख्खी रेसिडेन्सी त्याच्याच हाताखाली जाते. माझा आग्रह तीनचाच.

मी_सिस्टर

मला वर्षांपेक्षा दुसरं वाटतं. जाणाऱ्याने येणाऱ्याला नीट सांगून गेलं पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक शिफ्टला ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, दिला-घेतला जातो, बेडनुसार, बोलून. डॉक्टरांचे एचओडी बदलतात तेव्हा एक गुच्छ, एक ग्रुप फोटो आणि किल्ल्या, बाकी काही नाही. मग नवीन माणसाला समजायलाच वर्ष जातं आणि सगळे म्हणतात बघा रोटेशनने नुकसान होतं.

सिनेट_मतदार

सिस्टर, इतक्या चर्चेत हा सगळ्यात कामाचा मुद्दा आला.

निफाड_द्राक्ष

मी बाहेरचा माणूस, शेतकरी. आईची मोठी शस्त्रक्रिया होती तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलात दोन युनिटांत पेशंट कोणाचा यावरून ढकलाढकली चालली होती, एक म्हणे आमच्या वारी आली नाही, दुसरे म्हणे आधी तुम्हीच तपासली. मी सकाळपासून केस पेपर घेऊन फिरत होतो. शेवटी एका मावशींनी सांगितलं, भाऊ, सरळ मोठ्या सरांच्या केबिनबाहेर उभे राहा. सर आले, पेपर बघितला, उभ्या उभ्या त्यावर लिहिलं की पेशंट माझ्या युनिटला घ्या. वाद संपला. आई आता ठणठणीत आहे, बागेत छाटणीला उभी राहते.

मला रोटेशन वगैरे कळत नाही. पण जिथे दोन माणसं म्हणतात आमचं नाही, तिथे माझं म्हणणारा एक माणूस लागतो एवढं मी बघितलंय. त्याच्या दारात साध्या माणसाला उभं राहता आलं पाहिजे.

झोपेचा_डॉक्टर

@निफाड_द्राक्ष, दादा, तुमचा प्रतिसाद आमच्या विभागाच्या ग्रुपवर टाकतोय, परवानगी गृहीत धरतो.

ओझर_एचएएल

कॉर्पोरेट हॉस्पिटलातले एचओडी राहिले की. माझी मुलगी तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. तिकडे हेडला दर महिन्याला मॅनेजमेंटसमोर आकडे मांडावे लागतात, किती ओपीडी, किती प्रोसिजर. शिकवणं नाही, रेसिडेंट कमी. तिच्या हेड मॅडमनी एकदा स्पष्ट सांगितलं की सेशनची वेळ कमी करून पेशंट वाढवणार नाही, गुडघा वाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणार. मॅनेजमेंटने ऐकलं. धाग्याच्या पहिल्या पोस्टमधलं "वरून अवाजवी आलं तर नाही म्हणणं" हे तिथेही लागू आहे, उलट तिथे जास्त.

आडगावकर

आणि २०२७ च्या सिंहस्थात नाशिकच्या प्रत्येक हॉस्पिटलातल्या हेडची परीक्षा आहे. रजा कोणाच्या रद्द करायच्या, कोणाला दोन पर्वण्या आणि कोणाला एकही नाही, हे रोस्टर आत्तापासून भिंतीवर लावा म्हणावं.

शून्य_माध्य

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या प्राचार्यांना हो सांगणार आहे, पण लेखी तीन गोष्टी मागून. एक, तीन वर्षांची मुदत, त्यानंतर विभागातल्या पुढच्या माणसाला चार्ज. निवृत्त सर्जन सर, तुमचा मुद्दा समजला, पण आमच्याकडे रात्री दोनला अपघात येत नाहीत, त्यामुळे तीन पुरेत. दोन, वर्कलोडचा कागद मे महिन्यात विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर काढायचा, सीएचबीवरच्या सहकाऱ्यांनाही बसवून, आणि त्याची प्रत त्यांना द्यायची. तीन, सुपरव्हिजन, पेपर तपासणी, प्रॅक्टिकल परीक्षा यांची वाटणी दारावर लावायची.

तिसऱ्याला प्राचार्यांची परवानगी लागत नाही, ते मी करणारच. पहिल्याला ते कदाचित नाही म्हणतील कारण बाकीचे विभागप्रमुख नाराज होतील. तरी मागणार. आणि अभ्यासमंडळाच्या मतदार यादीचं वाचून मला वाईट वाटलं, आमच्या मॅडमना विचारलं तर त्यांनी कधी मतच दिलेलं नाही. आमच्या विषयात आर आणि पायथॉन या संगणकाच्या भाषा प्रॅक्टिकलला किती असावं यावर आम्ही स्टाफरूममध्ये इतकी वर्षं बोलतोय, ते बोलायची जागा दुसरी होती.

तासिका_तत्त्वावर

दुसऱ्या मुद्द्यासाठी नमस्कार घ्या ताई. आमच्यासारख्यांना वर्कलोडच्या बैठकीला बसवणारा विभाग मी अजून पाहिलेला नाही.

निवृत्त_सर्जन

तीन तर तीन. पण तिसऱ्या वर्षी पुढच्या माणसाला सोबत घेऊन काम करा, परिसेविकांनी सांगितलं तसं.

फाइल_नंबर_७

मॅडम, एक ऑफिसचं. चार्ज लिस्टवर सही करायच्या आधी डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि प्रत्यक्ष वस्तू जुळवून घ्या, लॅबमधले कॉम्प्युटर एकेक नंबर बघून, निर्लेखित करायचे राहिलेले वेगळे लिहा. सहकाऱ्यांचे कॅसचे (बढतीच्या योजनेचे) प्रलंबित प्रस्ताव कोणते, कुठल्या टेबलावर आहेत, त्याची तारखांसहित यादी मागा, कारण एखाद्याची बढती फक्त विभागातून कागद पुढे न गेल्यामुळे अडकलेली असते. पीएचडीचे विद्यार्थी असतील तर त्यांचे सहामाही अहवाल बघा. आणि हे सगळं जुन्या मॅडम अजून रोज येतायत तोवर करा, रिटायरमेंटनंतर पेन्शनच्या कागदांसाठी त्या येतील तेव्हा त्यांना हे विचारणं बरं दिसत नाही.

शून्य_माध्य

उद्यापासूनच बसते त्यांच्याबरोबर. कॅसच्या यादीपासून सुरुवात करते, आमच्या एका सहकाऱ्याचा प्रस्ताव खरंच कुठेतरी अडकलाय.